सेमीफायनलचा अंदाज आणि पंख्याखालची खुर्ची

भविष्य आधीच कळणं ही फार थोड्यांच्या वाट्याला येणारी देणगी आहे, आणि ती ज्याला मिळते त्याला एकटेपण सोसावं लागतं. मला ही देणगी सलग तीन वर्षं होती. एकटेपण मी स्टाफरूममधल्या पंख्याखालच्या खुर्चीत बसून सोसलं.

या खुर्चीबद्दल आधी सांगायला हवं. पुणे रस्त्यावर केडगाव ओलांडलं की आमचं कॉलेज लागतं. मी तिथे ग्रंथपाल आहे. स्टाफरूममध्ये खुर्च्या बऱ्याच आणि पंखे दोन. त्यातला एक फक्त आवाज करतो. दुसऱ्याच्या खाली हातांची, वेताची एक रुंद खुर्ची होती. ती पूर्वी प्राचार्यांच्या केबिनमध्ये होती. ती कोणाची, यावरून आमच्यात बरीच कटुता होऊन गेली. सेवाज्येष्ठता लावून पाहिली, तर सगळ्यांत ज्येष्ठ दोघे एकाच दिवशी रुजू झालेले निघाले. शेवटी एक तोडगा निघाला आणि तो टिकला.

दर ऑक्टोबरात मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेच्या शेवटच्या फेऱ्या आमच्या मैदानावर होतात. जिल्ह्यातले उरलेले आठ संघ येतात. शनिवारी सकाळी उद्घाटन, मग उपांत्यपूर्व फेरीचे चार सामने, दुपारी दोन सेमीफायनल आणि रविवारी फायनल. स्टाफरूममधल्या प्रत्येकाने पहिली शिटी वाजायच्या आत सातही विजेते एका चिठ्ठीवर लिहून खडूच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. पुढच्या फेरीचा अंदाज बरोबर आला तर गुण जास्त. ज्याचे गुण सगळ्यांत जास्त, त्याची खुर्ची वर्षभर.

संख्याशास्त्राचे सर मागच्या निकालांचा तक्ता करून आणत. राज्यशास्त्राचे सर खेळाडूंकडे पाहतच नसत. कोणत्या संस्थेचा माणूस विद्यापीठाच्या कोणत्या समितीवर आहे, एवढंच पाहत. मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही. शिटी का वाजली हे मी अजूनही शेजारच्याच्या चेहऱ्यावरून ओळखते. तरी तीन वर्षं मीच जिंकत होते, आणि माझ्या व्यासंगाबद्दल कॉलेजात आदराने बोललं जात होतं.

माझी विद्या अशी होती. ग्रंथपालाला सुविचार पाठ असतात अशी आमच्या संस्थेची समजूत आहे, त्यामुळे उद्घाटनाचं सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. मी मांडवात, व्यासपीठाच्या एका कडेला, माइकपाशी उभी असते. समोर मैदानात आठही संघ ओळीने उभे असतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं भाषण आणि संस्थेच्या सचिवांचं अध्यक्षीय समारोपाचं भाषण संपेपर्यंत कोणी बसायचं नसतं. मैदानाच्या मागच्या बाजूला कडुनिंबाची रांग आहे. तिची सावली मागच्या तीन संघांवर असते. मधल्या संघांवर ती साडेदहापर्यंत टिकते. पुढच्या ओळीतले दीड तास सरळ ऑक्टोबरच्या उन्हात.

मी बोलायला उभी असले तरी मला पाहण्याशिवाय काम नसतं, कारण मी काय बोलते ते मलाही पाठ झालेलं आहे. पहिल्याच वर्षी लक्षात आलं की पुढच्या ओळीतली मुलं, म्हणजे मुली, दुपारनंतर ढेपाळतात. नंतर मी चिठ्ठी उद्घाटन संपेपर्यंत कोरी ठेवू लागले. कोण उन्हात, कोण सावलीत, कोणाचा संघ कोणाशी, एवढं जुळवलं की सेमीफायनलपर्यंत चिठ्ठी आपोआप भरायची. फायनल तेवढी ठोकून द्यायची.

आणि सगळ्यांत पुढे दरवर्षी आमचाच संघ असे. यजमान संघाने झेंडा घेऊन अग्रभागी उभं राहायचं, असा सचिवसाहेबांचा दंडक होता. शिवाय सहा वाजता येऊन रांगोळ्या याच मुलींनी काढायच्या, पाहुण्यांना ओवाळायचं यांनीच, स्वागतगीतही यांचंच. त्यामुळे मी दरवर्षी डोळे मिटून लिहायचे: आमचं कॉलेज सेमीफायनलला हरणार. आणि ते हरायचं.

चौथ्या वर्षी, स्पर्धेच्या आदल्या गुरुवारी, आमचे क्रीडा संचालक ग्रंथालयात आले. कॉलेजात त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. इतरांना सर म्हणताना विषय जोडावा लागतो, त्यांना नाही. उंच, थोडे वाकलेले, कमी बोलणारे. त्यांचे वडील चर्चच्या शाळेत मास्तर होते आणि त्याच शाळेच्या मातीच्या कोर्टवर सर खेळायला शिकले. आमचं सिमेंटचं कोर्ट त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी उभं राहून करून घेतलं होतं. रेषा अजूनही तेच मारतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.

ग्रंथालयात ते सहसा येत नसत. आले, आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाशी उभे राहिले.

"मॅडम, एक विचारायचं होतं. तुम्ही दरवर्षी चिठ्ठीत आपल्या मुली सेमीफायनलला हरणार असं लिहिता."

"चिठ्ठ्या गुप्त असतात, सर."

"राज्यशास्त्राच्या सरांनी सांगितलं."

"मग गुप्त नाहीत."

ते हसले नाहीत. "राग नाही माझा. तुम्ही बरोबर लिहिता. म्हणून विचारतोय. तुम्हाला काय दिसतं, जे मला दिसत नाही?"

मी काहीतरी थट्टेचं बोलणार होते. पण मग त्यांनी सांगितलं की सचिवसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. कोर्टच्या जागी मोठं सभागृह बांधायचं चाललं आहे. सरांनी विनवलं तेव्हा साहेब म्हणाले, दरवर्षी सेमीफायनलला हरायला कोर्ट कशाला लागतं? या वर्षी फायनल गाठा, मग सभागृहाला दुसरीकडे जागा बघू.

"शेवटच्या दहा मिनिटांत पाय जड होतात पोरींचे," सर म्हणाले. "दरवर्षी तेच. दम कमी पडतो म्हणून मी दर वर्षी त्यांना जास्त पळवतो. यंदा तर संध्याकाळी टेकाडावर नेतो. तरी भीती वाटते."

तेव्हा मी सांगितलं. ऊन, ओळी, कडुनिंब, सगळं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. विद्या म्हणून ती फारच लहान निघाली.

सर टेबलाजवळची खुर्ची ओढून बसले. ते स्वतः उद्घाटनाला संघाच्या पुढे, त्याच उन्हात, ब्लेझर घालून उभे असतात. त्यांना ऊन कधी वेगळं दिसलंच नव्हतं.

"तीन वर्षं माहीत होतं तुम्हाला?"

"तीन."

"खुर्चीसाठी?"

"वर पंखाही होता," मी म्हटलं. एरवी माझ्या अशा वाक्यांना स्टाफरूममध्ये दाद मिळते. त्या दिवशी ते वाक्य टेबलावर तसंच पडून राहिलं, आणि मला ते उचलून परत घ्यावंसं वाटलं.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. माझी पहिली सूचना अशी की आपल्या मुलींना कशाही सबबीने सावलीत बसवावं.

"फक्त आपल्या?" सर म्हणाले. "मग ते जिंकणं कसलं? सगळ्यांनाच सावली पाहिजे."

मला हा मुद्दा अव्यवहारी वाटला, पण त्या आठवड्यात नैतिक बाबतीत बोलायचा माझा अधिकार जरा कमी झाला होता. संचलनाचा आराखडा सूत्रसंचालकाच्या हातात असतो. मी सातही पाहुण्या संघांना कडुनिंबाखाली घेतलं आणि पुढची जागा भरायला एन.एस.एस.ची मुलं रंगीत झेंडे देऊन उभी केली. सचिवसाहेबांनी आराखडा पाहिला, झेंडे मोजले आणि मंजूर केला. रांगोळ्यांना मराठी विभाग बसला. ओवाळायचं काम उपप्राचार्यांकडे गेलं; त्यांनी ते अत्यंत गांभीर्याने पार पाडलं. गाणं संगीताची आवड असलेल्या दोन क्लार्कनी म्हटलं.

अडचण एकच राहिली. यजमान संघ अग्रभागी हवाच होता, कारण प्रमुख पाहुणे त्याच्याशी हस्तांदोलन करतात आणि फोटो निघतो. त्यावर तोडगा आमच्या कॅप्टननेच काढला. ही मुलगी हिवरे बाजारच्या बाजूची. पहाटे धारा काढून, दूध घालून, मग एस.टी.ने यायची.

"मॅडम, साहेबांना आमची तोंडं कुठं म्हाईत हायेत?" ती म्हणाली. "मागल्या वर्षीचे ड्रेस पडलेत कपाटात. कॉमर्सच्या पोरींना घालू. त्यांना लई हौस हाय फोटूची."

"आणि तुम्ही?"

"तुमी सांगाल तिथं बसू."

शनिवारी सकाळी आठ वाजता आमचा संघ ग्रंथालयाच्या वाचनकक्षात आला. मी सगळे पंखे लावले, पडदे ओढले. सरांनी लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची घागर ठेवली. अशाच सात घागरी कडुनिंबाखालीही गेल्या होत्या. मुली पुस्तकांच्या कपाटांमधल्या जागेत सतरंजीवर आडव्या झाल्या.

"मॅडम, खरंच झोपू?" कॅप्टनने विचारलं. "हितं?"

"इथे बाकीचे बसून झोपतात. तुम्ही आडव्या झोपा."

'शांतता राखा' ही पाटी माझ्या नोकरीच्या आधीपासून तिथे आहे. तिचं संपूर्ण पालन त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा आले. समई वाऱ्याने पेटेना, तेव्हा चार मान्यवरांनी तिच्याभोवती उपरणी धरली. पाहुण्यांनी भाषणात आपल्या शाळेतल्या कबड्डीच्या आठवणी सांगितल्या आणि कबड्डीत श्वासाला किती महत्त्व आहे हे श्वास न घेता समजावलं. मागे कडुनिंबाखाली अकोल्याच्या संघाच्या मुली सरळ मातीवर बसल्या. या भंडारदऱ्याकडच्या, डोंगरातल्या मुली. व्यासपीठावरून एका मान्यवरांनी त्यांना उठा म्हणून खूण केली. त्यांनी परत हात हलवून त्यांना नमस्कार केला.

पुढे उन्हात कॉमर्सच्या दहा मुली छाती काढून उभ्या होत्या. त्यांच्याइतका शिस्तबद्ध संघ आमच्या कॉलेजला आजवर लाभलेला नाही.

भाषणानंतर पाहुण्यांनी बास्केटमध्ये चेंडू टाकून स्पर्धा सुरू झाल्याचं जाहीर करायचं असतं. प्रथा अशी की चेंडू जाईपर्यंत टाकायचा. पाहुण्यांचे पाच प्रयत्न फुकट गेले. टाळ्या दर खेपेला होत होत्या, पण त्या विरळ होत चालल्या. तेव्हा सचिवसाहेबांना सुचलं.

"कॅप्टन कोण आहे? पुढे ये बाळ. साहेबांना एकदा दाखव कसा टाकायचा ते."

मी माइक धरला होता. तो हातातून सुटला नाही, एवढंच. सरांनी डोळे मिटले. कॉमर्सची एक मुलगी पुढे झाली. बँकिंगच्या पेपरात ती वर्गात पहिली असते. तिने चेंडू दोन्ही हातांनी, विहिरीत कळशी सोडावी तसा धरला आणि वर फेकला. तो बोर्डाच्याही पलीकडून गेला आणि आचाऱ्याच्या मांडवात पडला. तिथून भांड्याचा आवाज आला.

 मग पाहुणे मनापासून हसले. "म्हणजे अवघडच आहे की हो! कॅप्टनचा जात नाही, आमचा कसा जाणार!" त्यांनी सहावा प्रयत्न न करताच स्पर्धा सुरू झाल्याचं जाहीर केलं आणि सगळ्यांना बरं वाटलं.

सचिवसाहेबांना नाही. ते सरांजवळ आले आणि हळू आवाजात, पण मांडवात ऐकू येईल असं म्हणाले, "या मुली फायनल गाठणार?"

"दुपारी बघा, साहेब," सर म्हणाले. ब्लेझरच्या आतून त्यांचा शर्ट पूर्ण भिजला होता.

साहेब दुपारी थांबले नाहीत. पाहुण्यांबरोबर जेवायला गेले. पहिल्या शिटीआधी मी चिठ्ठी भरायला स्टाफरूममध्ये आले, तेव्हा कळलं की माझ्याकडे लिहायला काही नाही. आठही संघ सावलीत होते. सामने पहिल्यांदाच बास्केटबॉलवर ठरणार होते, आणि त्यातलं मला काही कळत नव्हतं. मी बराच वेळ पेन धरून बसले. मग उपांत्यपूर्व फेरीत आमचं कॉलेज लिहिलं, सेमीफायनलला आमचं कॉलेज लिहिलं, आणि लिहितच आहे तर फायनललाही आमचंच लिहिलं. असल्या चिठ्ठ्यांना मी तीन वर्षं मनातल्या मनात हसत आले होते. डब्याजवळ सर उभे होते, त्यांचीही चिठ्ठी हातात. ते दरवर्षी सातही सामन्यांचा विचार न करता आपला संघ शेवटपर्यंत लिहीत आणि दरवर्षी शेवटून पहिले येत. आम्ही एकमेकांकडे न पाहता चिठ्ठ्या टाकल्या.

दुपारची सेमीफायनल राहुरीकडच्या संघाशी होती. त्या मुली आमच्या मुलींपेक्षा वीतभर उंच. शेवटची दहा मिनिटं सुरू झाली तेव्हा आमच्या मुली दोन गुणांनी मागे होत्या, आणि सर पहिल्यांदाच ओरडायचे थांबले. नुसतं त्यांच्या पायांकडे पाहत राहिले. मीही पायांकडे पाहिलं. तेवढंच मला समजत होतं. पाय उचलले जात होते. कॅप्टन एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पळाली, परत पळाली, पुन्हा पळाली. शिटी वाजली तेव्हा मी सवयीने शेजारी पाहिलं. शेजारी सर होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, कारण तो त्यांनी हातांनी झाकला होता.

सहा गुणांनी जिंकलो होतो.

रविवारी सर आधी उपासनेला गेले आणि तिथून थेट, त्याच पांढऱ्या शर्टात, कोर्टवर आले. फायनल अकोल्याच्या त्या मातीत बसलेल्या मुलींशी होती. त्या दमतच नव्हत्या. सावलीचा, उन्हाचा, सिमेंटचा कशाचाच त्यांना फरक पडत नव्हता. आम्ही तीन गुणांनी हरलो. आमची कॅप्टन रडली, मग अकोल्याच्या कॅप्टनने तिला ओढून घागरीपाशी नेलं.

"आगं, रडती काय? आमच्या घाटात ये एकदा. मंग दम कसा लागतो बघ."

"तू आमच्या म्हशी आवर एकदा," आमची म्हणाली, आणि दोघी हसल्या.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये डबा उघडला. चिठ्ठ्या संख्याशास्त्राच्या सरांनी तपासल्या आणि दोनदा तपासल्या. सातपैकी सहा विजेते बरोबर, फायनलसह, अशी एकच चिठ्ठी होती. ती आमच्या क्रीडा संचालकांची होती. त्यांनी सेमीफायनलला आपला संघ लिहिला होता आणि फायनलला अकोले.

"तुम्ही आपल्याविरुद्ध लिहिलंत?" मी विचारलं.

"त्या पोरी चांगल्या खेळतात, मॅडम," ते म्हणाले. "आणि तुम्ही?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

खुर्ची त्यांना मिळाली. पण स्टाफरूममध्ये ते बसतच नाहीत. सोमवारी त्यांनी ती दोन मुलींकडून कोर्टजवळ कडुनिंबाखाली नेववली. सराव चालू असताना ते तिथे बसतात, आणि दमलेल्या मुलीला उठून ती देतात. स्टाफरूममधला पंखा आता रिकाम्या फरशीवर फिरतो. चिठ्ठ्यांची पद्धत बंद पडली, कारण जिंकायला काही उरलं नाही.

बक्षीस समारंभाचं सांगायचं राहिलं. सचिवसाहेब आले होते. आमच्या मुलींना उपविजेतेपदाचा चषक देताना त्यांनी कॅप्टनकडे जरा निरखून पाहिलं, मग तो तिच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'उपविजेता संघ' म्हणून कॉमर्सच्या दहा मुलींचा फोटो आला. भाषणात साहेब म्हणाले की मुलींनी फायनल गाठून संस्थेची मान उंचावली आहे. तेव्हा त्यांच्या या पराक्रमाचं स्मारक म्हणून याच जागेवर, याच कोर्टवर, भव्य सभागृह उभारण्यात येईल. टाळ्या झाल्या. मी माइकपाशी होते. आभार मानायचं काम माझं होतं आणि मी ते केलं. सर ओळीत उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण हात बाजूलाही सोडले नाहीत. तसेच छातीजवळ धरून ठेवले.

डिसेंबरात भूमिपूजन झालं. त्याचं सूत्रसंचालनही मीच केलं. सरांनी एवढीच विनंती केली की कोनशिला रेषेच्या आत नको. ती उत्तरेकडच्या बोर्डामागे, रेषेपासून चार फुटांवर बसवली. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत सात मान्यवरांची नावं आहेत. या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. सभागृहाचा नकाशा मंजुरीसाठी गेलेला आहे. मुली रोज खेळतात.

कोनशिला जमिनीपासून साडेतीन फूट उंच आहे. तिला टेकवला की गुणफलक शेवटच्या ओळीतूनही नीट दिसतो.